डॅशबोर्डमागचा उंदीर

सोमवार, ३ नोव्हेंबर

वायर मीच उपटली. झालं, लिहून टाकलं! आता पोटात दुखणार नाही.

काळी वायर. स्टिरिओच्या मागे, डाव्या हाताला, एका स्क्रूखाली असते. परवा तो लंबू स्टिरिओ बसवत होता तेव्हा त्यानेच दाखवली. "ताई, लोखंडी गाडी असती तर ही कुठेही टेकवली तरी चाललं असतं. ही पडली फायबरची. हिला अर्थिंग या एकाच वायरीतून. ही निघाली की स्टिरिओ ठार!" आता माणसाने असलं ज्ञान भलत्या बाईला द्यावं का?

आज चिरंजीव कामावर गेले, सूनबाईही गेली. मी गॅरेजमध्ये शिरले, भाजीच्या सुरीने स्क्रू सैल केला आणि वायर काढली. मग ती नीट गुंडाळली, रबरबँड लावला आणि आत सरकवून ठेवली. पसारा मला खपत नाही. इस्पितळाच्या कपडेखोलीत चादरींच्या घड्या घालण्यात जन्म गेला.

कशासाठी केलं, तेही लिहायला हवं. स्टिरिओ बसवायला त्याला तीन शनिवार लागले. तीन शनिवार चहा, तीन शनिवार गप्पा. परवा काम संपल्यावर त्याने हात पुसले आणि म्हणाला, "झकास! आता दहा वर्षं बघायला नको." सगळे खूश झाले. मला मात्र एकदम कसंतरी झालं.

दहा वर्षं!


मंगळवार, ४ नोव्हेंबर

संध्याकाळी चिरंजीवांनी बटण दाबलं. हूं नाही की चूं नाही. बराच वेळ डॅशबोर्डखाली डोकं घालून बसला होता. बाहेर आला तो लाल होऊन. "शनिवारी बसवला आणि मंगळवारी मेला!" लगेच दुकानात फोन.

मी कानांवर हात ठेवले. लंबू गुरुवारी येणार. चांगला चष्मा काढून ठेवलाय.


गुरुवार, ६ नोव्हेंबर

आला!

ही गाडी म्हणजे चिरंजीवांचं पहिलं अपत्य. सुटे भाग खोक्यांतून मागवले आणि सुट्ट्या घालवून घालवून गॅरेजमध्ये जोडले. पिवळी धम्मक. छप्पर नाही, दारं नाहीत, जागा दोन. आत बसलं की बूड रस्त्यापासून वीतभर वर. सूनबाई तिला 'चाकांची बादली' म्हणते. "गाणी नसतील तर मी या बादलीत बसणार नाही," असं तिने बजावलं, म्हणून तर स्टिरिओ आला. (सूनबाई अजूनही बसत नाही. रविवारची फेरी माझीच.)

या एवढ्याशा गाडीत हा एवढा लांब माणूस. उताणा झोपला, डोकं पेडलपाशी, पाय बाहेर. गुणगुणणं चालू होतं ते एकदम थांबलं. मी ओळखलं, वायर सापडली.

हळूहळू बाहेर आला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग चिरंजीवांकडे.

"उंदीर," म्हणाला.

"उंदीर?"

"असेल. गॅरेजमध्ये असतात."

चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही! मी जमिनीकडे बघत उभी. चिरंजीव हात धुवायला आत गेला तसा लंबूने माझ्या हातात काहीतरी ठेवलं. रबरबँड. "हा तुमचा," म्हणाला, आणि पुन्हा गाडीत शिरला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं!

पण नंतर चहा घेतला. दोन कप. बोलण्यात उंदराचं नावही नाही. सगळं बोलणं स्टिरिओचं. गाडीत वारा फार, म्हणून फोनचा माईक त्याने माझ्या सीटसमोर, गुडघ्यांपाशी, स्पंज लावून दडवलाय. "वादळात बोललात तरी समोरच्याला शब्द न् शब्द कळेल." फक्त वेग वाढला की गाण्यात एक सूं सूं येते, ती इंजिनची. तिच्यासाठी फिल्टर लागेल. "तो पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी म्हणाला!


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

चिरंजीवांनी पिंजरा आणला. पावाचा तुकडा अडकवून गाडीखाली लावला. "बघू कसा सुटतो," म्हणतो. मी मान डोलावली. साप साप म्हणून भुई धोपटतात तसं हे. पण त्या नसलेल्या उंदराची मलाच दया आली.


रविवार, ९ नोव्हेंबर

फेरी. मी डोक्याला स्कार्फ घट्ट बांधून. पुलापर्यंत स्टिरिओ मस्त वाजला. पुलावर एक दणका बसला आणि उजवा स्पीकर बंद! गाणारीचा आवाज येतो, वाजवणारे गायब.

मी नाही! देवाशपथ, यावेळी मी नाही! उजवा स्पीकर कुठून उघडतात हेसुद्धा मला माहीत नाही.

चिरंजीव दात खात म्हणाले, "या माणसाला काही येत नाही."

वाईट वाटलं. आणि फोन झाला, उद्या तो येणार, म्हणून बरंही वाटलं. माणसाने एका वेळी एकच काहीतरी वाटून घ्यावं, पण नाही.


सोमवार, १० नोव्हेंबर

घरात मी एकटीच. बॅटरी धरून उभी राहिले. त्याने स्पीकरची जाळी काढली. आत पाहते तर वायर सोल्डर केलेलीच नाही! नुसती भोकात खुपसलेली. बाकी सगळे जोड कसे चांदीच्या थेंबासारखे, आणि हा एकच उघडा.

"राहिला वाटतं," म्हणाला. कान लाल.

एवढी वर्षं दुकान चालवणारा माणूस. गुरुवारी याच स्पीकरशी अर्धा तास काढलेला. राहिला म्हणे!

मी म्हटलं, "उंदीर असेल."

मग जे हसलो! तो गाडीत अडकलेला, त्याला धड उठता येईना, मला धड उभं राहता येईना. बॅटरी हातातून पडली आणि तिची काच फुटली. डोळे पुसत मला म्हणतो कसा, "अहो, जपून. काच आहे पायाशी."

अहो! ताई नाही. अहो.

जाताना फाटकापाशी घुटमळला. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली. वर खोल्या, खाली दुकान, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांत गाणी लावायची. म्हणाला, "तुमच्या मुलाशी मी बोलू का?" मी म्हटलं, नको, मी बोलते.

मोठ्या तोऱ्यात म्हटलं खरं.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

नाही बोलले.


बुधवार, १२ नोव्हेंबर

आज जेवताना चिरंजीवांनी जाहीर केलं, "आता एकदा जरी बिघडला ना, तर दुसरा माणूस आणणार. आणि त्या लंबूच्या दुकानात पुन्हा कुणी पाय ठेवणार नाही अशी व्यवस्था करतो." गाड्या जोडणाऱ्या हौशी लोकांचं त्यांचं एक मंडळ आहे. हा बोलला की पन्नास जणांपर्यंत जातं.

माझी गंमत होते आणि त्याची रोजीरोटी जाते! त्याचा हात किती साफ आहे ते मी पाहिलंय. त्याच्या कामाला नावं ठेवली जातायत ती माझ्यामुळे. म्हणजे आता वायर उपटणं बंद. आणि वायर उपटणं बंद म्हणजे त्याचं येणंही बंद. नाहीतर सरळ तोंड उघडून सांगायचं.

भीती कसली वाटते? मुलगा रागावेल याची नाही. हसेल याची. 'आई, या वयात?' एवढंच म्हणाला तरी मी संपले. हे जाऊन बरीच वर्षं झाली. एकटेपणाची सवय झाली असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते खोटं आहे. सवय वगैरे काही होत नाही. मला कुणाची तरी वाट बघायची आहे. चांगला चष्मा काढून ठेवायचा आहे.


शनिवार, १५ नोव्हेंबर

प्रयत्न केला. चिरंजीव गाडीखाली, नुसते बूट दिसत होते. म्हटलं हेच बरं, तोंड दिसत नाही.

"अरे, तुला एक सांगायचं होतं."

"आई, तेरा नंबरचा पाना दे."

दिला.

"ते आपले स्टिरिओवाले आहेत ना..."

"हा चौदाचा आहे."

बदलून दिला. मग पान्यांची पेटी तेवढी आकारवार लावून ठेवली.


रविवार, १६ नोव्हेंबर

काय झालं ते नीट लिहिते.

निघताना चिरंजीव स्टिरिओवर काहीतरी टकटक करत होता. मी पट्ट्याशी झटत होते, लक्ष दिलं नाही. गाणं लावलं नाही. "आज नुसती सूं सूं ऐकायची आहे," म्हणाला. मोकळा रस्ता लागला, वेग घेतला. वारा असा की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. आणि मला वाटलं, हीच वेळ! बोलून तर बघू. तालीम होईल.

आधी पुटपुटले. मग धीर आला. मग ओरडलेच!

"उंदीर नव्हता! वायर मी उपटली!"

"काय?"

"त्याच्या कामात काही खोट नाही! त्याला नावं ठेवू नकोस!"

"काय म्हणतेस?"

"मला तो आवडतो! लंबू! मला त्याच्याशी लग्न करायचंय!"

"स्कार्फ? स्कार्फ उडतोय का?"

"हो! स्कार्फ!"

इतकं हलकं वाटलं! सांगून झालं आणि कुणी ऐकलंही नाही. अशी सोय जगात दुसरी नाही. चौक येईपर्यंत मी आणखी दोनतीनदा सांगून घेतलं.

चौकात लाल दिवा. गाडी थांबली, वारा थांबला. चिरंजीव डॅशबोर्डकडे वाकून म्हणाला, "काय हो, ऐकू आली का सूं सूं?"

दोन्ही स्पीकरमधून खणखणीत लंबूचा आवाज, "आली."

आणि जरा वेळाने, "सगळंच ऐकू आलं."

घरून निघाल्यापासून फोन चालू होता! त्याला सूं सूं ऐकवायची म्हणून यानेच लावला होता. शेजारी एक बस उभी होती, खिडकीतली माणसं वरून माझ्याकडे बघत होती. मी वाकून पायाशी काहीतरी शोधू लागले. तर समोर तो माईक. स्पंज लावलेला.

"मी येतो," स्पीकर म्हणाले. "फिल्टर घेऊन येतो. आत्ताच येतो."

"एवढी घाई नाही हो," चिरंजीव म्हणाला.

"आहे," स्पीकर म्हणाले.


सोमवार, १७ नोव्हेंबर

काल आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. फिल्टर आणायला विसरला. हत्यारांची पिशवीसुद्धा विसरला!

चौघं बसलो. चिरंजीव उठला, गॅरेजमधून पिंजरा आणून टेबलावर ठेवला. पाव वाळून दगड झालेला.

"हा आता काढू का?" म्हणाला. "की उंदीर अजून येणार आहे?"

मी पिंजरा उचलायला पुढे झाले.

"आई, मी मंगळवारीच पाहिली ती वायर. उंदीर कुरतडतात. गुंडाळून रबर लावत नाहीत. तशी वायर अख्ख्या जगात एकच बाई ठेवते."

"मग पिंजरा कशाला आणलास मेल्या?"

"तुझं तोंड बघायला."

"आणि दुसऱ्या माणसाची धमकी?"

"नाहीतर तुम्ही दोघांनी मिळून माझी गाडी पार खिळखिळी केली असतीत." सूनबाई फराळाची ताटली तोंडावर धरून हसत होती. तिलाही माहीत! सगळ्यांना माहीत, मीच तेवढी आपली सुरी लपवत फिरत होते.

'या वयात' हे दोन शब्द कुणी उच्चारले नाहीत. मी वाट बघत होते, पण नाहीच.

चिरंजीवांनी एकच विचारलं. "म्हणजे तू तिकडे राहायला जाणार?"

म्हटलं, हो. दुकानाच्या वरच्या खोल्यांत. चार रस्ते पलीकडे.

"बरं," म्हणाला. मग गाडी धुवायला गेला. सकाळीच धुतली होती.


रविवार, ११ जानेवारी

नव्या घरात ही पहिलीच नोंद. वेळच होत नाही.

सकाळी चिरंजीवांचा फोन. स्टिरिओ बंद पडलाय, दोघंही या, जेवूनच जा. आमचे हे फार वैतागले. "शक्यच नाही! माझा जोड आहे!" गेलो. हे गाडीत शिरले, पाय बाहेर. गुणगुणणं थांबलं. मग आतूनच हाक आली, "अहो, जरा इकडे या."

काळी वायर. नीट गुंडाळलेली, वर रबरबँड.

चिरंजीव पलीकडे उभा राहून आरसा पुसत होता. पुसता पुसता त्याचं नाक लाल झालं होतं.

"उंदीर असेल," म्हणाला.