मशेरी उपासाला चालते

आई,

सकाळी माझाच फॉर्म भरायला बसले होते आणि सहाव्या प्रश्नाशी पेन अडलं. तंबाखू, गुटखा, मशेरी यांतलं काही घेता का? हो किंवा नाही. आशा सेविका म्हणून हा प्रश्न मी गावातल्या दीडदोनशे बायांना तरी विचारला असेल. सापगावातल्या कितीतरी ओट्यांवर बसून विचारला, आणि बाई "नाय गो, कदी तरी" असं पुटपुटली की तिला दटावून "हो" वर खूण केली. माझ्या स्वतःच्या फॉर्मवर मात्र गेली चार वर्षं ठळक "नाही" आहे. आज खरं लिहायचं म्हणून कोरा फॉर्म घेतला, पण हात काही पुढे सरकेना. मग कागद उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर तुला लिहायला लागले. तुला जाऊन सोळा वर्षं झाली. तुला वाचताही येत नव्हतं, तेव्हा चुका काढणार नाहीस एवढं बरं आहे.

उद्या सोमवार. उद्या शहापूरच्या सरकारी दवाखान्यात माझ्या गालाच्या आतला तुकडा काढून तपासायला पाठवणार आहेत. झालं असं, की गेल्या मंगळवारी तिथे तोंडाच्या तपासणीचं शिबिर होतं आणि बाया गोळा करून न्यायचं काम माझं. घराघरातून ओढून काढल्यासारख्या बाया नेल्या, रांगेत बसवल्या, "घाबरू नका गो, नुसतं बघतात" म्हणून धीरही दिला. सगळ्यांचं आटपल्यावर डॉक्टरीण म्हणाली, "ताई, आता तुम्ही या." माझ्या लेकीएवढी पोर ती. म्हणाली, तोंड उघडा आणि तीन बोटं एकावर एक अशी उभी आत घाला. दोन गेली. तिसरं जाईना. मी हसत हसत जोर लावला, तरी जाईना. मग तिनं बॅटरी धरून गाल बघितला. पांढरा चट्टा आहे म्हणाली. मशेरी कधीपासून लावता, म्हणाली. मागे सगळ्या बाया कान टवकारून बसलेल्या. मी म्हटलं, "लग्नानंतर लागली, सासरी." माझ्या सासूनं जन्मात मशेरीला बोट लावलं नाही, त्या बिचारीच्या माथी मारून मी मोकळी झाले. डॉक्टरीण म्हणाली, सोमवारी फॉर्म खरा भरून आणा, आणि तोवर एकदाही लावायची नाही.

मला भीती वाटते, आई. रोज सकाळी आरशासमोर उभी राहते आणि बोटं घालून बघते. दोनच. काल वाटलं की दुसरंही अडतंय, तर मोरीच्या कठड्यावर बसून राहिले. कारण पुढचं सगळं मी पाहिलेलं आहे. तुझ्या भाकरीचे तुकडे आधी लहान झाले. तू म्हणायचीस, दाढ दुखतेय. मग भाकरी कालवणात कुस्करून, मग नुसती पेज, मग पेजही चमच्याने. शेवटी भाऊ मुरबाडहून थंड्याच्या बाटलीबरोबर मिळणारी नळी घेऊन आला आणि तू ती दातांच्या फटीतून ओढत होतीस. गेलीस त्या दिवशी सगळ्यांनी तोंडात पाणी घातलं, पण दातखीळ बसलेली, थेंब आत जाईना. गालावरून ओघळून उशी भिजली. मी पदराने पुसत होते आणि माझ्या हिरडीत तेव्हाही चिमूटभर मशेरी होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

आणि तू काय निश्चयाची बाई होतीस! चातुर्मासात वांगं सोडलंस की शेजारणीने भरली वांगी समोर आणून ठेवली तरी ढुंकून बघायची नाहीस. एका वर्षी जेवताना बोलणार नाही असं धरलंस आणि चार महिने आम्हाला खुणेनं मीठ मागितलंस. सोमवार, एकादशी, सगळं पार पाडलंस. मग मी एकदा विचारलं, एवढं सोडतेस तर मशेरी का नाय सोडत? तू तव्यावर तंबाखू भाजत होतीस. घरभर तो काळा धूर, शेजारच्या घरात ठसका, माझे डोळे चुरचुरतायत. तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी काहीतरी वेडंच बोलले. म्हणालीस, "मशेरी काय खातात गं? ती लावतात. उपासालापन चालते." झालं, विषय संपला. सगळ्या वाडीचं हेच मत होतं. जे खायचं नसतं ते सोडायचं कसं? देवाला सोडायच्या यादीत ती कधी आलीच नाही. लहानपणी मला हे पटलं होतं. आता आठवलं की हसू येतं आणि मग तुझा इतका राग येतो की सांगता येत नाही.

एकदाच सोडलीस. मी बारा वर्षांची असेन, आवणीचे, भाताची रोपं लावायचे दिवस होते. वाडीतली तुझी मैत्रीण तोंडाच्याच दुखण्यानं गेली होती. तिच्या दहाव्याहून आलीस ती पायही न धुता माझ्यापाशी आलीस आणि मशेरीची डबी माझ्या हातात कोंबलीस. "लपव. मी मागितली तरी नको देऊ. पाया पडले तरी नको देऊ. आता जन्मात नाय लावायची." मी भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून डबी खाली दाबली. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी तू सगळ्यांवर खेकसत होतीस. तिसऱ्या दिवशी दुपारी शेतावरून मध्येच घरी आलीस आणि आधी हसत मागितलीस. "अगं दे, लावत नाय. फक्त वास घेते." मी नाही म्हटलं. तू माझ्या थोबाडीत दिलीस. मी तरी नाही म्हटलं. मग तू चुलीपाशी बसून डोकं गच्च धरलंस आणि रडायला लागलीस, मोठ्यांदा, लहान मुलासारखी. मार सोसला होता गं मी, पण ते रडणं सोसवेना. उठले आणि कणगीत हात घातला.

तू दात घासलेस, पाण्याची चूळ भरलीस आणि तुझा चेहरा पुन्हा तुझा झाला. मला जवळ ओढून म्हणालीस, "गुणाची गो माझी बाय." माझी दाढ चार दिवस ठणकत होती. तू तुझ्या बोटानं चिमूटभर मशेरी त्या दाढेवर दाबलीस. "राहू दे. ठणका जाईल." माझं डोकं गरगरलं, घरामागे जाऊन ओकले. पण ठणका गेला, आणि तू हसत होतीस. लग्नानंतर नाही, सासरी नाही. मला मशेरी लागली ती तिथे. मी तुला डबी परत दिली आणि तू मला पहिलं बोट दिलंस, दोन्ही एकाच दुपारी.

लगेच तू मला शेतावर घेऊन गेलीस. आवणी करताना आपण मागे मागे सरकतो, पुढे लावलेलं दिसतं, मागे काय उरलंय ते दिसत नाही. मी सारखी मान वळवून उरलेला चिखल बघायची आणि रडकुंडीला यायची. तू ओरडलीस, "मागं बघून शेत नको मोजू! टाचेला जुडी लागेल तवा थांब." आणि रोपांची एक जुडी उचलून माझ्या मागे फेकलीस, फार लांब नाही, सातआठ हातांवर. तिथवर पोचले की टाचेला लागायची. मग ती सोडायची आणि तू दुसरी फेकायचीस. संध्याकाळी मान वर केली तर अख्खं खाचर लावून झालेलं. सांग ना, शेताच्या बाबतीत तुला हे कळत होतं तर मशेरीच्या बाबतीत का कळलं नाही? तिथे तू एकदम जन्मात नाय म्हणालीस. तिथे अख्खं शेत मोजलंस.

मीही तेच केलं. दिवाळीला, पाडव्याला, लेकीच्या दहावीच्या निकालादिवशी, दर वेळी कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलं, आजपासून कायमची बंद. कायमची कधी चार दिवस टिकली, कधी दुपारपर्यंत. ट्रेनिंगला सर सांगायचे, ध्येय छोटं ठेवा, तारीख घाला, कुणाला तरी सांगून ठेवा. मी ते वहीत लिहून आणलं आणि बायांच्या बैठकीत खणखणीत आवाजात शिकवलं, तोंडाचा वास येऊ नये म्हणून दोन हात लांब उभी राहून. काय म्हणावं मला!

मंगळवारी घरी आले आणि माझी डबी लेकीच्या हातात दिली. ती शहापूरला मेडिकलच्या दुकानात कामाला आहे, भीडभाड तिला माहीत नाही. मी तुझेच शब्द म्हटले, लपव, मी मागितली तरी देऊ नको. ती म्हणाली, "लपवतंय कोण?" आणि सरळ संडासात ओतून पाणी सोडलं. डबीसुद्धा कचऱ्यात. "आता माग मम्मी, किती मागायची ती." मी हसले, पण आतून जीव तुटला. मी तुझ्यासाठी हे करू शकले असते. हा विचार मला पाच दिवस सोडत नाही. चुलीपाशी तू रडत असताना मी जर एवढी दगड झाले असते, तर तू आज असतीस का?

आज पाचवा दिवस. मी जन्माचं काही धरलेलं नाही. चहा होईपर्यंत नाही. मग शेणव्याला जाणारी एसटी जाईपर्यंत नाही. मग भात शिजेपर्यंत. टाचेला लागलं की पुढचं. सासूवर विनाकारण ओरडले, पण लावलेली नाही. उद्या दवाखान्यात काय निघेल ते निघेल, ते माझ्या हातात नाही, आणि त्याचीच भीती जास्त आहे. माझ्या हातात फक्त खरं सांगणं आणि न लावणं एवढंच आहे.

एवढं लिहून झाल्यावर कागद पलटला आणि फॉर्म भरला. "हो" वर खूण केली. किती वर्षांपासून, तिथे लिहिलं, वयाच्या बाराव्या वर्षापासून. कुणी दिली असा प्रश्न नाही, ते बरं आहे. मग लक्षात आलं की हा फॉर्म देता येणार नाही, मागे तू आहेस. हा माझ्यापाशीच राहील. दुसरा कोरा काढून त्यावर हेच पुन्हा लिहायला हवं.

कोरे फॉर्म माझ्या कामाच्या पिशवीत आहेत. आई, त्यांच्या खाली एक पुडी आहे. शुक्रवारी बाजारात, ओळखीचं कुणी नाही असं बघून घेतली. कोपरा फाडलेला आहे. लावलेली नाही. फक्त वास घेतला.

आता पुन्हा स्वतः पिशवीत हात घालायचा मला धीर नाही. म्हणून आत्ता लेकीला हाक मारली, एक फॉर्म आणून दे म्हटलं. तिने आतून विचारलं, "कुठंय?" मी म्हटलं, पिशवीत बघ, अगदी तळापर्यंत हात घाल.