नाव न लिहिता

१२ जुलै, रविवार

प्रिय ताई,

तुला नमस्कार आणि पोटातल्याला वेगळा. इकडे सगळं ठीक आहे असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं, म्हणून लिहून टाकलं. फोन असताना पत्र कसलं लिहितेस, म्हणून हसशील. पण मी फोन लावला की आई हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसते आणि मी काय बोलायचं तेही बाजूनं सांगत राहते. म्हणून पत्र.

माझं बरं चाललंय. आमच्या कॉलेजचा नियमच आहे, शेवटच्या वर्षी जी जिथली तिला तिथल्याच दवाखान्यात पाठवायचं. बाहेरचे डॉक्टर इतक्या लांब टिकत नाहीत, तेव्हा इथल्याच मुलींना इथली सवय लावायची. सवय कसली लागतेय! ज्या बाईंनी मला पहिलीत वर्गाबाहेर उभं केलं होतं, त्यांचीच परवा मी नाडी बघत होते. "नीट मोज," म्हणाल्या. एक्स-रे काढणारा मला अजून 'ए बारके' म्हणूनच हाक मारतो. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर दवाखान्यातले नळही दुरुस्त करतो, त्यामुळे रुग्णवाहिका हवी असली की आधी मोरीत डोकवायचं.

आई फोनवर दमल्यासारखी का वाटते, हे तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. ते तुला कळलं असणारच.

वर्गातली एक गंमत सांगते. पेशंटनं सांगितलेलं दाराबाहेर जाता कामा नये, घरीसुद्धा नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी घोकायला लावलं होतं. एकदा सरांनी प्रत्येकीला एका पेशंटची हकिगत नाव-गाव काढून लिहायला सांगितली. मी लिहिलं, डावखुरा गृहस्थ, घड्याळं दुरुस्त करतो, पायाची जखम भरत नाही. मी वाचून खाली बसायच्या आत मागच्या बाकावरून आपल्याकडच्या दोघी ओरडल्या, "अगं, हे तर घड्याळकाका!" सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "मोठ्या शहरात नाव काढलं की माणूस लपतो. तुमच्याकडे नाही लपत. तुम्हाला गप्पच बसावं लागणार."

तर आता एका पेशंटबद्दल लिहिते. नाव लिहीत नाही.

साठीच्या एक बाई. गेल्या महिन्यात मुद्दाम मी लसीकरणाला बाहेर जाते तो दिवस बघून दवाखान्यात आल्या. नेमकी जीप बंद पडली आणि मी तिथंच होते. आमच्या डॉक्टरांनी, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, पडदा ओढला आणि नेहमीचं विचारलं, "विद्यार्थिनी थांबली तर चालेल का?" या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग मोठ्या बाईंना म्हणाल्या, "थांबू दे, शिकायचंय तिला. पण घरी गेल्यावर तिला यातलं काही आठवता कामा नये."

उजव्या छातीत गाठ. मोठ्या बाईंनी तपासली आणि मग मलाही तपासायला सांगितली. माझे हात इतके गार पडले होते की बाई दचकल्या. "आधी हात चोळून घे," म्हणाल्या. गाठ कडक आहे, जागची हलत नाही. बाईंना ती वर्षभर माहीत होती. आता तपासणीचा निकाल आलाय. कॅन्सर आहे, ताई. पसरल्याचं दिसत नाही. मोठ्या हॉस्पिटलात जाऊन लगेच काढली तर चांगली आशा आहे, असं मोठ्या बाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं.

तर या बाई म्हणतात, "आत्ता जमायचं नाही. मोठीचं बाळंतपण तोंडावर आलंय. तिच्याकडे जाऊन राहीन, ती हिंडूफिरू लागली की मग बघू."

"मग बघायला उशीर झालेला असेल," मोठ्या बाई म्हणाल्या.

"होऊ दे."

झालं. आता नाव लिहिलं काय आणि न लिहिलं काय.

मी घरी एकदा तोंड उघडून बघितलं. "तुझ्या मोठ्या बाईंकडे तक्रार करीन," आई म्हणाली. हसत नव्हती. मला बसवत नाही गं. पुस्तक उघडते, त्या आजाराचं प्रकरण वाचते, मिटते, पुन्हा तेच उघडते. घासलेली भांडी परत घासते. आई म्हणते, अंगात वारं शिरलंय का तुझ्या? आणि वर तुझ्याकडे यायची बॅग भरून कोपऱ्यात ठेवलीय तिनं.

म्हणून सांगते ते ऐक. तिला फोन कर आणि येऊ नकोस म्हण. सासूबाई येणार आहेत म्हण, घर लहान आहे म्हण. तिला लागेल असंच बोल, नाहीतर ती 'मी खाली झोपेन' म्हणून येईलच. तुला कळलंय हे मात्र तिला कळू देऊ नकोस. "आई नक्की येईल ना?" असं तू मला किती घाबरून विचारलं होतंस, ते मी विसरलेले नाही. तरी हे मागते आहे. तुझ्या अवस्थेत तुला असं पत्र लिहू नये, एवढं तर मला न शिकवताही कळतं.

तुझी,
धाकटी

३ ऑगस्ट, सोमवार

प्रिय ताई,

मोठ्या हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लिहिते आहे. ऑपरेशन शनिवारी आहे. हे तुला गुरुवारपर्यंत मिळावं. फोनवर तू रडशील, मग मी रडेन आणि सांगायचं ते राहून जाईल.

तू फारच चांगलं काम केलंस. 'मला तुझी लुडबूड नको' हे कुठून सुचलं तुला? आईनं फोन ठेवला आणि बॅगेतलं एकेक काढून कपाटात लावलं. "मोठी परकी झाली," एवढंच म्हणाली. मग माझ्याशीही बोलेना. बाबा असते तर त्यांच्याशीही अबोला धरला असता. चौथ्या दिवशी दवाखान्यात आली, ओळख न दाखवता रांगेत बसली आणि मोठ्या बाईंना म्हणाली, "आता मला कुठंच जायचं नाही. पाठवा कुठं पाठवायचं ते."

रस्ताभर तिनं ड्रायव्हरला तुझा पाढा वाचून दाखवला. लहानपणापासूनचा. तो बिचारा माना डोलावून थकला. मधेच मागे वळून मला म्हणाली, "मोठी अशी नव्हती. तिला कुणी शिकवलं?" 'आई, तिनं नाही, मी केलंय सगळं' हे ओठांवर आलेलं गिळलं. आत्ता सांगितलं तर ती गाडी वळवायला लावेल, याची मला खात्री होती.

मी केलं ते बरोबर की चूक, मला कळत नाही. माझ्यावर विश्वास टाकून तिनं मला पडद्याच्या आत थांबू दिलं आणि मी तो मोडला. वर तुला वाईट ठरवलं. ती बरी झाली की तिला आणि मोठ्या बाईंना स्वतः सांगणार आहे. मग कॉलेजनं काढून टाकलं तर टाकलं. पण पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा हेच करीन असं वाटतं, आणि त्याचीच भीती वाटते. असल्या माणसाला डॉक्टर करावं का?

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. काल नर्सनं आईला विचारलं, मुलं किती? "एकच मुलगी," आई म्हणाली. माझ्यासमोर. मी पाणी आणायला म्हणून बाहेर आले आणि पाणी न घेताच जिन्यात बसून राहिले.

ताई, ती असं म्हणून ऑपरेशनला जायला नको. तिला फोन कर. पण माफी मागू नकोस. तू माफी मागितलीस तर तिला सगळं कळेल, तुला जवळ घेतल्यासारखं बोलेल आणि अगदी शांत होऊन आत जाईल. मला ती तशी शांत झालेली नकोय. तू भांड. घालूनपाडून बोल, तिलाही बोलू दे, आणि तिचं शेवटचं उत्तर यायच्या आत फोन ठेवून दे. आईनं आजवर कुणालाही शेवटचा शब्द बोलू दिलेला नाही. तुला उत्तर द्यायला म्हणून तरी ती बाहेर येईल.

तुम्हा दोघींच्या मध्ये बसलेली,
धाकटी