जेवताना वाचू नये

४ ऑगस्ट १९७३
कॉलेज स्ट्रीटच्या फुटपाथवर मिळालं! मुखपृष्ठ नाही, लेखकांची नावं वाळवीने खाल्लेली, पण आत नुसते खाण्यावरचे लेख. एकाने दोन पानं फक्त एवढ्यावर लिहिलीत – शेवग्याच्या शेंगेचा चोथा ताटात कुठे ठेवावा! ट्राममध्ये एकटीच हसत सुटले. शेजारची बाई सरकून बसली.

५ ऑगस्ट
हॉस्टेलच्या पंगतीत मोठ्याने वाचलं. पुढ्यात नेहमीची पाणीदार डाळ आणि भोपळा. भरल्या वांग्याचा लेख संपेपर्यंत ताटं साफ! झरना म्हणाली, "रेबा, तू वाच गं, मी भोपळ्यात वांगं शोधते."

९ ऑगस्ट
रोज वाचते. आज इलिश माशाचा लेख – अर्धाच झाला. मोहरी कशी वाटावी यावरच चार पानं, आणि एक ओळ सोडवत नाही! मधे नवराबायको भांडतात, पेटीचा तुकडा कोणाला म्हणून. पोटाकडचा तो, चरबीदार. नेमकी तिथे घंटा झाली, थांबावं लागलं. सगळ्याजणी ओरडल्या.
भात संपला. बिमलामाशीने, आम्हा सगळ्यांच्या स्वयंपाकीण मावशीने, पुन्हा चढवला, कुरकुरत, पण गालातल्या गालात हसत. तिच्या हातचं आजवर कोणी दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं.

१० ऑगस्ट
बंदी! सुपरिंटेंडंट कनकदींचा हुकूम. "जेवताना वाचू नये. माझी खोली भिंतीला लागून आहे. मासळीचं पुराण मला ऐकायचं नाही."
एकोणिसाव्या वर्षी विधवा झाल्या त्या. तेव्हापासून मासळी बंद, चूल वेगळी, खोलीत एकटीने जेवायचं. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं, संतापच आला. तुमचा घास कोणी काढला त्याला बोला ना! आमच्यावर कशाला?

१३ ऑगस्ट
मुकं जेवण. डाळ पुन्हा डाळच लागते. अर्धा भात परत गेला.

१४ ऑगस्ट
बिमलामाशी पदर खोचून थेट कनकदींच्या दारात! "पोरी माझा भात टाकतात. वाचू द्या त्यांना, नाहीतर उद्यापासून तुम्ही रांधा!"
आम्ही जिन्यात श्वास रोखून. कनकदी म्हणाल्या, "वाचा. पण मासळी सोडून."
जिंकलो!! झरनाने थाळी वाजवली. मी तर माशीला मिठीच मारली. "सोड गं, हळद लागेल," म्हणाली, पण सोडवून घेतलं नाही.

१६ ऑगस्ट
केळफुलावरचा लेख. सोलता सोलता दोन जावांची अख्खी दुपारची भांडणं त्यात! काय मजा आली! पोट धरधरून हसलो. भात तीनदा. इलिशची राहिलेली पानं मात्र उलटून पुढे गेले. शब्द दिलाय ना.

१९ ऑगस्ट, रविवार
आज महिन्यातून एकदा मिळणारी इलिश. पानं वाढून झाली आणि कनकदी आपलं ताट घेऊन आल्या. माझ्या शेजारी बसल्या. सगळ्यांचे हात थांबले.
"इलिशची पानं सोडलीस तू," म्हणाल्या. "दहा दिवस झाले. तुकडा कोणाला मिळाला शेवटी?"
वाचलं. बायकोला मिळाला.
कनकदींनी ताट पुढे केलं. "माशी, मला पेटीचा."