त्र्याऐंशी वर्षांची किडनी

९ फेब्रुवारी

फोन आला! डॉक्टर बेगोन्या. ही बाई लांबण लावत नाही. "सेल्सोसाहेब, किडनी आहे. देणारी त्र्याऐंशीची. हो की नाही?"

मी चौऱ्याहत्तरचा. म्हटलं, "अहो, जन्मभर भंगारातल्या गाड्यांचे पार्ट विकले, पण इतक्या जुन्या गाडीचा नाही हो!"

"तपासलीय. पळते अजून."

हो म्हणालो. डायलिसिसची ती खुर्ची आता नको.

पण तोच आवाज! दोन वर्षांपूर्वी माझी बायको ओलिवा मशीनवर, मेंदू संपलेला, तेव्हा हिनेच विचारलं होतं — अवयव द्याल? मी म्हणालो, "एकाहत्तरची आहे ती. खटारा झालाय. राहू द्या."

खटारा. माझ्या ओलिवाला.

१२ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं, आज लघवी झाली! नर्सांनी टाळ्या वाजवल्या.

१५ फेब्रुवारी

देणारीचं नाव सांगत नाहीत, कायदा आहे. पण माझे कान! पडद्याआड एक नर्स दुसरीला — "आव्हिलेस गावची होती गं."

६ मार्च

आव्हिलेसला जाऊन आलो. इकडे माणूस गेलं की भिंतीवर निधनाचा कागद लागतो, आणि जुना कागद काढायचा कुणाला सुचत नाही. चर्चच्या बाजूला मिळाला, अर्धा भिजलेला — रमोना, ८ फेब्रुवारी, वय ८३, पती फर्मीन.

सापडली! आता आंघोळ करताना पोटावर हात ठेवून विचारतो, "काय रमोनाबाई, बरं आहे ना?"

१४ मार्च

फर्मीन सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, गुत्त्यात भेटला. शहाऐंशीचा, हात उंच करून ओततो, थेंब सांडत नाही. मी कोण ते सांगितलं — सेल्सो, भंगारवाला, बायको गेलेली — आणि किडनीबद्दल आभार मानले. त्याने बाटली खाली ठेवली.

"रमोनाचं? काही दिलं नाही मी! विचारलं होतं त्यांनी. म्हटलं, म्हातारीचं कोण घेणार? थट्टा करायला आलास होय रे, भंगारवाल्या?"

म्हणजे माझ्या पोटात दुसरीच कुणीतरी.

तो माझ्या पोटाकडे बघत राहिला. "खरंच त्र्याऐंशीची? चालते?"

"चालते."

"आणि तुझी बायको? तिचं काय केलंस?"

"दिलं," मी म्हणालो. "सगळं. लिव्हर तर बिल्बाओत कुणाच्या तरी पोटात आहे."

तोंडातून खोटं निघून गेलंच!

१५ मार्च

ओलिवाच्या फोटोकडे पाठ करून जेवलो.

३ नोव्हेंबर

फर्मीनच्या मुलीचा फोन. "बाबा गेले. मेंदूत रक्तस्राव. तुम्ही भेटलात त्याच आठवड्यात लिहून ठेवलं होतं त्यांनी — सेल्सोच्या बायकोसारखं करा. लिव्हर घेतलं हो, शहाऐंशीचं! बिल्बाओला गेलं म्हणे."