बाबांचं अळंबीचं पथ्य

प्रिय अक्षदा,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर "बरी आहे" म्हणून ठेवून देतेस. म्हणून लिहायला बसले. ओंकारदादाने काल सांगितलं, दापोलीचं शेतकीचं शिक्षण अर्ध्यावर टाकून तू त्याच्याकडे मुंबईला आलीस आणि पुन्हा कॉलेजात जाणार नाही म्हणतेस. ऐकून वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बाबा गेल्यापासून मला काही वाटेनासंच झालंय गो. बायका येतात, मी रडावं म्हणून गळ्यात पडतात, मी त्यांना चहा करून देते. भात लावते, भांडी घासते, झोपते.

गोठ्यातल्या तुझ्या अळंबीच्या पिशव्या अजून टांगलेल्या आहेत. म्हैस विकल्यावर तू आणि बाबांनी पेंढा उकळून ज्यांत बियाण्यासकट भरला होता, त्याच. सकाळ-संध्याकाळ मी गोणपाट ओलं करते. का, ते विचारू नकोस, सवयीने हात जातो. अळंबी फुटते, काढते, शेजारी वाटून टाकते. मी तोंडात घातलेली नाही.

गणपतीत बाबांचा रिपोर्ट आला, रक्तात चरबी वाढलेली. महाडच्या डॉक्टरांनी रोजची गोळी दिली. तू ओटीवर बसून त्यांना समजावलंस. ही अळंबी औषधी आहे, तिच्यात चरबी उतरवायला मदत करणारं काही असतं, शरीराला आतून गंज चढू न देणारंही असतं. पण माणसांवरचा अभ्यास अजून पुरता झालेला नाही, तेव्हा गोळीबरोबर खा, गोळीऐवजी नको. मी चुलीपाशी होते, सगळं ऐकलं. बाबा हसून म्हणाले, आम्ही जन्मभर अळंबीपायी रानात चिखल तुडवला आणि या बयेने ती गोठ्यात आणून टांगली.

पण आपल्याकडे औषध म्हटलं की पथ्य आलंच. काविळीच्या वेळी झाडपाला चालू होता, तोवर त्यांनी दवाखान्याची बाटली शिवली नव्हती. इथेही तेच केलं. सुकट सोडली, लोणचं सोडलं, सकाळी बिनमिठाची अळंबी खायला लागले. सुकटीवाचून ज्याची भाकरी मोडत नाही तो माणूस! मी गावभर कौतुक सांगत फिरले. गोळी बंद केल्याचं मात्र मला बोलले नाहीत, शेजारच्या हैबतीकाकांना बोलले. "गावठी औषध चालू असताना डाक्टरची गोळी घेतली तर दोन्ही फुकट जातात, दोन डगरींवर पाय ठेवायचा नाय." काकांनी मला हे बाराव्यानंतर सांगितलं.

माघात गोठ्यात पेंढा कापायला बसले ते उठलेच नाहीत. बाराव्याच्या दिवशी फडताळात तुला गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली. तू ती माझ्या हातात दिलीस आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेलीस. खरं सांगते, तेव्हा मला तुझा राग आला होता. आता तोही उरलेला नाही. नंतर मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, गोळी चालू असती तर वाचलेच असते असं सांगता येत नाही, आणि नसते वाचले असंही सांगता येत नाही. यापुढे कोणाला काही विचारायचं राहिलेलं नाही. तू सांगितलंस ते बरोबर होतं. त्यांनी केलं ते त्यांच्या समजुतीने केलं.

आता लिहायचं खरं कारण. सोमवारी मी रक्त तपासायला देऊन आले. मलाही तेच निघालं, गोळीही तीच मिळाली. ओंकार म्हणतो, पिशव्या उकिरड्यावर टाक. हैबतीकाका म्हणतात, गोळीच्या नादी लागू नकोस. मी दोघांचंही ऐकलं नाही. गोळी रोज घेते, आणि आज पहिल्यांदा तुझी अळंबी शिजवून ताटात वाढून घेतली आहे. ती किती खायची, कशी खायची, मला सोसेल की नाही, हे तू सांगायचंस. तुझ्याशिवाय कोणाचा शब्द मी धरणार नाही. फक्त पुरतं शिकून सांग. मला अर्धवट शिकलेली वैद्यीण नको.

ताट समोर घेऊन तुझ्या वाटेकडे बघणारी,
तुझीच,
आई