डेअरीच्या फळ्यावरचं युद्ध

७ मे
मिळाला! डेअरीचा अर्धा फळा मिळाला. सेक्रेटरी गेणभाऊ म्हणाले, "लिही पोरी, पण शिव्या नकोत." सीमेवर पेटलेल्या लढाईच्या बातम्यांसाठी तीन रकाने आखले — आपले काय म्हणतात, ते काय म्हणतात, कुणी पाहिलं? पुण्याची मासिकं माझ्या कथा साभार परत पाठवतात. इथं खोडदात दूध घालायला येणारं प्रत्येक माणूस मला वाचणार. रोज दोनदा!

८ मे
दोन्ही बाजू जिंकल्या. तिसरा रकाना कोरा.

९ मे
आज मजाच! त्यांच्या एका चॅनलनं आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा फोटो दाखवला — रडार निकामी, तोंड वर करून पडलंय म्हणे! अख्खी डेअरी हसत सुटली. वारा सुटला की डिशचं तोंड सरळ आभाळाकडं करून ठेवतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आणि रडार कसलं? तारे ऐकायची दुर्बीण ती!

कुशाबा म्हणाले, "मी तिच्याच शेजारी म्हशी चारतोय की राव! मेलो का काय मी?"

तिसऱ्या रकान्यात ठळक लिहिलं — कुशाबांनी पाहिलं. जागेवर आहे. टाळ्या पडल्या! माझ्या चार शब्दांना टाळ्या!

१० मे
आज आपलं चॅनल — त्यांचं रडार उडवलं. आग, धूर, मागं ढोल. पहिल्या रकान्यात लिहिलं. तिसऱ्यात — अजून कुणी नाही.

दूध घालायला आलेले बाळासाहेब तावातावानं फळ्याशी आले. "तू कुणाच्या बाजूची गं?"

"काल याच 'कुणी पाहिलं?'वर टाळ्या वाजवल्यात ना तुम्ही?"

"काल त्यांचं खोटं व्हतं!"

"आणि आजचं?"

"आजचं आपलं हाय!"

एवढं बोलून त्यांनी स्वतःच जीभ चावली. कुशाबा खी खी करत बसले. पण गावातली तरुण पोरं चिडली. उद्या संध्याकाळच्या दुधाला हात वर करून ठरवायचं — फळा ठेवायचा की पुसायचा.

द्रौपदाकाकू किटली धरून कोपऱ्यात उभी होती. तिचा मुलगा रवींद्र तिकडंच आहे, सीमेवर. तिच्यासाठी तरी काहीतरी गोड लिहावं? खडू उचललाही होता. नाही लिहिलं. पुसायचाच असेल तर खरा फळा पुसू देत!

११ मे
हात वर झालेच नाहीत. चॅनल म्हणतंय, आपल्याकडं कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ते मी लिहीत होते, तेवढ्यात द्रौपदाकाकूनं माझ्या हातातला खडू घेतला. "सकाळी रवींद्र बोलला माझ्याशी. दवाखान्यातनं." आणि तिसऱ्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं — माझ्या पोराचा डावा पाय गेला.

बाळासाहेबांनी टोपी काढली. कुणीतरी पुटपुटलं, "काकू, असं चारचौघांत कशाला..."

"त्यानं पाय दिलाय. टीव्हीनं न्हाई म्हणायचं व्हय?"