मधल्या सुट्टीतलं काम

सोमवार, ८ सप्टेंबर

"तिला नका बोलावू बाई, तिला एकटीनंच बसायला आवडतं." पाचवीत असताना आमची मॉनिटर म्हणाली होती. माझ्याबद्दल. पस्तीस वर्षं झाली! आज शाळेच्या वाचनालयात शिक्के मारताना उगाच आठवलं.

उगाच कसं? समोर ती चष्मेवाली बसली होती ना. तीही पाचवीतलीच. मधल्या सुट्टीची घंटा झाली की येते, माझ्या टेबलावर डबा उघडते, मग फाटक्या पुस्तकांना डिंक लावत बसते. कामाला वाघ! जाताना रोज विचारते, "उद्या पण काम आहे ना बाई?"

"ढीगभर!"

बुधवार, १०

फाटकी पुस्तकं संपली. एका धडधाकट पुस्तकाची पानं मीच सैल केली. तिच्यासाठी.

शुक्रवार, १२

तिच्या वर्गातली दोरीवाली पुस्तक बदलायला आली. उड्यांची दोरी कायम गळ्यात. म्हटलं, "चष्मेवालीला खेळायला का घेत नाही गं?"

"आम्ही? दोनदा बोलावलं बाई! म्हणाली, बाईंचं काम आहे. तिला आम्ही नाही आवडत, तुम्हीच आवडता." वर हसून — "आम्ही तिला छोट्या बाई म्हणतो."

सोमवार, १५

चष्मेवालीला हळूच विचारलं. डिंकाचं बोट कागदाला पुसत म्हणाली, "दोनदाच बोलावलं. खरंच हवी असते तर तिसऱ्यांदा नसतं बोलावलं?"

दोन्हीकडे एकच समजूत — आपणच नकोशा. आणि मधे मी, डिंकाची बाटली घेऊन!

मंगळवार, १६

सांगून टाकलं. उद्यापासून मधल्या सुट्टीत वाचनालय बंद.

रडली नाही. डब्याचं झाकण दाबून लावलं. "मग तुम्ही कुठे जेवणार? तुम्हाला पण कोणी घेत नाही ना?"

"छे गं, मला एकटीनंच बसायला आवडतं," बोलून गेले मी.

बुधवार, १७

कुलूप लावलं. ती मैदानाच्या कडेला, भिंतीला टेकून. दोरीवालीनं दोनदा तिकडे पाहिलं, हाक नाही मारली. चष्मेवाली मात्र माझ्याकडे बघत होती. मी डबा घेऊन शिक्षकांच्या खोलीबाहेर, घंटा होईपर्यंत. इथल्या अकरा वर्षांत कधी आत जेवले नाही. सुरुवातीला बोलवायच्या आतल्या बाई. मीच 'काम आहे' म्हणायचे.

डबा तसाच घरी आणला.

गुरुवार, १८. सकाळी

आज शिक्षकांच्या खोलीचं दार ढकलायचं. ती बघत असेल. सगळ्या खुर्च्या भरलेल्या असतील, नाहीच म्हणतील. तरी म्हणायचं — "जरा सरकता का? मी पण बसू?"